तडा आणि तळे

भूगर्भातला वितळलेला खडक जमिनीवर आला की त्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक वाहून जाण्याची, दुसरी साचून राहण्याची. जमीन लांबच लांब उलते, त्या भेगेतून लाव्हा उसळतो आणि उतार सापडेल तिकडे निघून जातो. हा भेगी उद्रेक. तोच लाव्हा एखाद्या विवराच्या तळाशी साचला, खालून नव्या रसाचा पुरवठा होत राहिला, आणि त्या पुरवठ्यावर दिवसेंदिवस, कधी वर्षानुवर्षे, पातळ आणि तप्त राहिला, तर ते लाव्हाचे तळे. पाहणाऱ्याला ही दोन वेगवेगळी दृश्ये वाटतात. तडा घाईचा, तळे निवांत. तडा कुणाच्याही अंगणात उघडतो, तळे आपल्या विवरात राहते. पण अनेक ज्वालामुखींच्या पोटात ही दोन्ही एकाच नळाने जोडलेली असतात, आणि एकाचे भरणे हे बहुधा दुसऱ्याचे ओसरणे असते. या नात्याचा सर्वांत दीर्घ आणि बारकाईने राखलेला लेखाजोखा हवाई बेटावरच्या किलाउएआ या ज्वालामुखीचा आहे.

हवाई प्रशांत महासागराच्या मधोमध आहे, भूपट्टांच्या कडांपासून हजारो किलोमीटर दूर. जगातले बहुतेक ज्वालामुखी अशा कडांवर रांग धरून असतात. मग हा एकटा इथे कसा, याचे उत्तर कॅनडाचे भूभौतिकीतज्ज्ञ टुझो विल्सन यांनी 1963 मध्ये सुचवले. प्रावरणात खोलवर एक उष्ण जागा आहे आणि तिच्यावरून प्रशांत भूपट्ट वर्षाला सात ते दहा सेंटीमीटरांच्या चालीने वायव्येकडे सरकतो आहे. पेटत्या चुलीवरून तवा हळूहळू ओढत नेला तर तव्यावर डागांची रांग उमटेल. हवाई बेटांची माळ ही तशी रांग आहे. वायव्येकडचे काउआई बेट सुमारे 50 लाख वर्षांचे, थंडगार आणि झिजून खोल घळी पडलेले. आग्नेय टोकाचे हवाई बेट सध्या चुलीवर आहे, आणि त्याच्याही आग्नेय भागात किलाउएआ आहे.

ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर आणि त्याच्या शेंड्यातून निघणारा धूर, अशी कल्पना घेऊन आलेल्या माणसाला किलाउएआ सापडतच नाही. त्याची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम 1,200 मीटर, आणि उतार इतका सौम्य की तो पालथ्या घातलेल्या परातीसारखा दिसतो. शेजारच्या 4,169 मीटर उंच माउना लोआच्या कुशीत तर तो वेगळा ओळखूही येत नाही. या बसकट आकाराचे कारण त्याच्या रसात आहे. बेसाल्टी रसात सिलिका कमी असते, त्यामुळे तो पातळ असतो आणि जागच्या जागी ढीग न घालता दूरवर पसरतो. शिखरावर उंचवट्याऐवजी काही किलोमीटर रुंदीचा एक खचलेला भाग आहे. हा कॅल्डेरा. त्याच्या पोटात आणखी एक खड्डा, हालेमाऊमाऊ. हवाईच्या परंपरेत ही पेले देवीची राहण्याची जागा आहे.

शिखरापासून दोन बाजूंना दोन दुबळ्या पट्ट्या निघतात. एक नैर्ऋत्येला, दुसरी पूर्वेला. पूर्वेची पट्टी जमिनीवर सुमारे 50 किलोमीटर धावते आणि पुढे समुद्राखालीही बरीच लांब जाते. डोंगर नेमका इथेच का उसवतो, हे त्याच्या बैठकीवरून कळते. उत्तरेला माउना लोआचा प्रचंड भार टेकलेला आहे. त्या बाजूला हलायला जागा नाही. दक्षिणेला मात्र उघडा समुद्र आहे. आत रस शिरत राहतो तसतशी किलाउएआची दक्षिणेकडची कूस दरवर्षी काही सेंटीमीटर समुद्राकडे ढकलली जाते, आणि ढकललेली कूस व अडलेली पाठ यांच्यामधली शिवण ताणली जाते. 1975 मध्ये 7.7 क्षमतेच्या भूकंपात ही कूस एका झटक्यात काही मीटर सरकली होती. ओंडक्यात पाचर ठोकली की तो आपल्याच रेषांवर चिरतो. इथे पाचर पातळ आहे, एवढाच फरक.

ही पाचर म्हणजे भूवैज्ञानिकांची भित्ती, इंग्रजीत डाइक. शिखराखाली दोन-तीन किलोमीटर खोलीवर साठलेला रस पट्टीत शिरतो तेव्हा तो बोगद्यासारखा गोल मार्ग खोदत नाही. खडकाला उभा चिरत तो एका पातळ पापुद्र्यासारखा पुढे सरकतो: जाडी काही मीटर, लांबी मात्र किलोमीटरांत. त्याच्या टोकाशी खडक कडाकड तुटत जातो, आणि प्रत्येक तुटणे एक लहानसा भूकंप असते. भूकंपमापकांच्या नकाशावर हे ठिपके एका रांगेत पुढेपुढे उमटतात. जमिनीखाली कुणी चालत जावे आणि त्याची पावले वर ऐकू यावीत, तसे. रस कुठवर आला हे वेधशाळेला अशा रीतीने तासातासाला कळते. तो वर येईल की खालीच गोठेल, हे मात्र शेवटपर्यंत निश्चित नसते. पुष्कळ भित्ती जमिनीचे तोंड न पाहताच थिजतात.

जी भित्ती वर येते तिची चाहूल आधी रस्त्यावर लागते. डांबरात केसाएवढ्या भेगा पडतात. काही तासांत त्यांत हात जाईल एवढी फट होते. फटीतून वाफ येते, मग गंधकाचा घाण वास, मग आजूबाजूचे गवत करपते. शेवटी भेगेतून लाल थेंब उडू लागतात आणि पाहता पाहता सारी रेघ पेटते. शेकडो मीटर लांबीची कारंज्यांची सलग रांग उभी राहते. हवाईत तिला आगीचा पडदा म्हणतात. पडदा फार काळ टिकत नाही. भेगेच्या ज्या भागातून रस कमी वाहतो तो भाग गोठून मिटतो; जिथून जास्त वाहतो तिथली कड तापून झिजते आणि वाट रुंद होते. एक-दोन दिवसांत लांबच लांब भेगेची दोन-चार तोंडे उरतात आणि पुढे बहुधा एकच. त्या एका तोंडाभोवती उडालेले गोळे साचून टेकडी तयार होते, आणि टेकडीच्या फुटलेल्या बाजूने लाव्हाची नदी निघते.

या नदीच्या दोन चालींना हवाईतल्या लोकांनी दिलेली नावे आज जगभरच्या भूविज्ञानाने उचलली आहेत. गुळगुळीत, वळकट्या पडलेला, दोरखंडासारखा पीळ असलेला तो पाहोएहोए. खडबडीत, धारदार ढेकळांचा, पुढे सरकताना काचेची भांडी फुटल्यासारखा खणखणणारा तो आआ. वाऱ्यावर ताणले गेलेले काचेचे बारीक सोनेरी तंतू म्हणजे पेलेचे केस, आणि हवेतच गोठलेले काळे थेंब म्हणजे पेलेची आसवे. शब्दकोशातल्या या संज्ञांमागे एक देवी उभी आहे.

तळ्याची घडण याच्या उलट आहे. तड्याला खुली वाट लागते. तळ्याला अडसर लागतो. विवराचा तळ भोवतालच्या कड्यांनी वेढलेला असला, वर आलेल्या रसाला बाहेर पडायला जागा नसली, तर तो साचतो. पण नुसत्या साचण्याने तळे जिवंत होत नाही. खळग्यात एकदाच ओतला गेलेला लाव्हा वरून आणि खालून गार होत जाऊन हळूहळू दगड बनतो. जिवंत तळ्याच्या तळाशी नळ असतो. त्यातून उष्ण, वायूने फुगलेला, म्हणून हलका रस वर चढतो. पृष्ठभागावर वायू सोडून आणि उष्णता गमावून तो जड होतो आणि त्याच नळाने परत खाली उतरतो. येणे-जाणे असे सतत चालू राहिले तरच तळे तळे राहते. खरे तर ते भूगर्भातल्या नळाचे उघडे तोंड असते. त्यात दिसणारा रस आज एक असतो, उद्या दुसरा.

अशा तळ्याचा पृष्ठभाग दिवसा लाल दिसत नाही. 1,100 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या रसाला हवा लागताच त्याच्यावर राखाडी, रुपेरी झाक असलेली पातळ साय धरते. तापत्या दुधावरच्या सायीसारखीच ती सुरकुतते, ताणली जाते, फाटते. फाटलेल्या रेषांतून खालचा नारिंगी उजेड वाकड्यातिकड्या रेघांनी चमकतो. सायीचे मोठमोठे तुकडे एका कडेकडून दुसरीकडे सरकतात, एकमेकांवर रेलतात आणि जड झालेली कड प्रथम खाली घालून बुडतात. जिथे ते बुडतात तिथे अडकलेला वायू सुटतो आणि लाव्हा तडतडत उडतो. भूपट्टांच्या हालचालींना कोट्यवधी वर्षे लागतात. त्यांचा हा लघुप्रयोग काही मिनिटांत पाहायला मिळतो. कधी सायीखाली वायू कोंडतो, तळ्याची पातळी काही मीटर वर येते, मग वायू एकदम निसटतो आणि पातळी पुन्हा खाली बसते. उतू जाणार म्हणून धावत यावे आणि दुधाने खाली बसावे, तसा हा खेळ तासन्‌तास चालतो.

किलाउएआचे तळे युरोपीय लेखणीत प्रथम उतरले ते 1823 मध्ये, विल्यम एलिस या मिशनऱ्याच्या वर्णनातून. अर्थात हवाईच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि त्याचा शिष्टाचारही ठरलेला होता. काठावरच्या ओहेलो नावाच्या लाल बोरांची पहिली मूठ पेलेला वाहायची, मग स्वतः खायची. 1824 मध्ये कापिओलानी ही ख्रिस्ती झालेली सरदारीण विवरात उतरली, तिने नैवेद्य न दाखवता ती फळे खाल्ली आणि ती सुखरूप परतली. हवाईच्या धर्मांतराच्या इतिहासात हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. पेलेचे जाणे-येणे मात्र त्यामुळे थांबले नाही. 1823 पासून 1924 पर्यंत थोडेफार खंड वगळता हालेमाऊमाऊच्या परिसरात लाव्हाचे तळे जवळजवळ सतत होते. 1866 मध्ये तरुण मार्क ट्वेनने ते रात्री पाहिले आणि त्यावर लिहिले. काठावर पर्यटकांसाठी खाणावळ निघाली.

1912 मध्ये थॉमस जॅगर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने याच काठावर वेधशाळा उभी केली. उद्रेक होऊन गेल्यावर तिथे धावायचे आणि राख मोजून परतायचे, ही तोवरची रीत. जॅगरने ठरवले की वैद्याने रोग्याच्या उशाशी बसावे तसे ज्वालामुखीच्या उशाशी बसायचे. वेधशाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत मोजायला समोर तळे होतेच. त्याची पातळी रोज टिपली जाऊ लागली. नोंदी वाढत गेल्या तसे ध्यानात आले की ही पातळी उगाच वरखाली होत नाही. तळे शिखराखालच्या रसाचा दाब दाखवते. दाब वाढला की शिखराची जमीन अगदी किंचित फुगते, कलमापकाचा काटा बाहेर झुकतो आणि तळे चढते. दाब उतरला की तिन्ही गोष्टी उलट होतात. टाकीला बाहेरून लावलेली काचेची नळी आतले पाणी दाखवते, तसे हे तळे डोंगराच्या पोटातले भरणे-रिकामे होणे उघड्यावर दाखवत होते.

ही नळी 1924 मध्ये कोरडी पडली. फेब्रुवारीत तळे खाली गेले आणि दिसेनासे झाले. एप्रिलमध्ये पूर्वेच्या पट्टीच्या पार टोकाला, कापोहो गावाजवळ, धरणीकंपांची माळ लागली, जमीन भेगाळली आणि किनाऱ्याचा काही भाग खचला. वर लाव्हा आला नाही. शिखरावरचा रस जमिनीखालून तिकडे निघून गेला होता. मे महिन्यात हालेमाऊमाऊचे रिकामे झालेले कडे ढासळू लागले आणि वाफेचे भयंकर स्फोट झाले. कित्येक टन वजनाचे धोंडे विवराबाहेर फेकले गेले, एक माणूस दगावला, आणि स्फोट थांबले तेव्हा विवराची रुंदी जवळजवळ दुप्पट झाली होती. शंभर वर्षांचे तळे संपले ते समोरच्या विवरातल्या कोणत्याही कारणाने नव्हे, तर 40 किलोमीटरांहून लांब पडलेल्या तड्याने.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे मराठीत म्हणतात. किलाउएआचा पोहरा डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि आड शिखरावर. पोहरा भरला की आड आटतो. हे केवळ हवाईतच घडते असे नाही. काँगोमधल्या न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या विवरात लाव्हाचे मोठे तळे होते. 10 जानेवारी 1977 रोजी त्याच्या कुशी भेगाळल्या आणि सगळे तळे तासाभराच्या आत त्या भेगांतून वाहून गेले. तिथला रस इतका पातळ की तो मोटारीच्या वेगाने उतारावरून धावला, आणि वाटेतल्या वस्त्यांना पळायलाही उसंत मिळाली नाही. वानुआतूमधल्या अँब्रिम बेटाची तळी डिसेंबर 2018 मध्ये अशीच काही दिवसांत नाहीशी झाली. त्यांचा रस आग्नेयेच्या पट्टीतून निघून समुद्राखाली बाहेर पडला.

तळ्याचे मरण दुसऱ्या रीतीनेही येते, ते सावकाश आणि जागच्या जागी. नोव्हेंबर 1959 मध्ये हालेमाऊमाऊच्या शेजारचे किलाउएआ इकी, म्हणजे धाकटा किलाउएआ, हे विवर जागे झाले. सुरुवात भिंतीवरच्या भेगेने झाली, भेग लवकरच एका तोंडावर आली, आणि महिन्याभरात सतरा वेळा कारंजी उसळली. त्यांतले सर्वांत उंच सुमारे 580 मीटरांचे. प्रत्येक उसळी थांबली की विवरात साचलेल्या लाव्हाचा मोठा भाग त्याच तोंडातून गडगडत परत खाली जाई. तरीही शेवटी शंभर मीटरांहून खोल तळे उरले. त्याचा नळ बंद झाला होता, म्हणून ते गोठू लागले. काही महिन्यांतच त्याच्या कवचावर उभे राहून शास्त्रज्ञांनी वेधन सुरू केले, आणि पुढे जवळजवळ तीन दशके ते अधूनमधून चालू होते. पावसाचे पाणी भेगांतून आत झिरपे, उकळे, वाफ होऊन वर येई आणि उष्णता घेऊन जाई. कवच मात्र आपल्या गतीनेच जाड होत राहिले. तळे संपूर्ण घट्ट व्हायला 1990 च्या दशकाचा मध्य उजाडला. साय धरायला क्षण पुरतो. तळापर्यंत थिजायला पस्तीस वर्षे लागली.

3 जानेवारी 1983 रोजी पूर्वेच्या पट्टीत पुन्हा भेग उघडली. तिच्यातून पुऊ ओओ ही टेकडी उभी राहिली आणि उद्रेक पस्तीस वर्षे चालला. 1990 मध्ये कालापाना हे किनाऱ्यावरचे गाव त्याखाली गाडले गेले. एकूण 144 चौरस किलोमीटर जमिनीवर नवा लाव्हा पसरला. या काळातली एक गोष्ट विशेष. मार्च 2008 मध्ये, पट्टीतला उद्रेक चालूच असताना, शिखरावर हालेमाऊमाऊच्या कडेला सुमारे 35 मीटर रुंदीचे भोक पडले आणि त्यात लाव्हा दिसू लागला. भोवतालचे कडे ढासळत जाऊन भोक रुंदावले. काही वर्षांत तिथे दोनशे मीटरांहून लांब तळे झाले. आता एकाच नळाला दोन तोट्या होत्या आणि दोन्ही उघड्या होत्या. 5 मार्च 2011 रोजी त्या दोहोंच्या मधल्या भागात, कामोआमोआ येथे, तिसरी भेग पडली. पुऊ ओओच्या विवराचा तळ बदकन खचला आणि शिखरावरचे तळेही झपाट्याने खाली गेले. चार-पाच दिवसांनी भेग मिटली आणि पुढच्या काही आठवड्यांत दोन्हीकडे लाव्हा परत आला. एक तोटी सोडली की बाकीच्यांची धार बारीक होते, हे इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

2018 च्या एप्रिलमध्ये ही व्यवस्था तुंबली. पुऊ ओओकडे रस साचून दाब वाढला. शिखरावरचे तळे इतके भरले की काठ ओलांडून हालेमाऊमाऊच्या तळावर सांडले. 30 एप्रिलला पुऊ ओओचा तळ कोसळला. त्यानंतर भूकंपांचे ठिपके पूर्वेकडे चालू लागले. 3 मे रोजी, सुमारे 20 किलोमीटर पुढे, लेइलानी इस्टेट्स या घरांच्या वसाहतीत रस्ता फाटला आणि लाव्हा वर आला. दुसऱ्याच दिवशी 6.9 क्षमतेचा भूकंप झाला. दक्षिणेची कूस पुन्हा समुद्राकडे सरकली होती. तीन आठवड्यांत अंगणांत, परसांत, गल्ल्यांत मिळून 24 भेगा उघडल्या. सुरुवातीच्या भेगांतून आलेला लाव्हा दाट आणि मंद होता. मागच्या उद्रेकांतून पट्टीत अडकून राहिलेला जुना, निवत चाललेला रस नव्या रसाने पुढे ढकलला होता. त्याच्यामागून शिखराकडचा ताजा, पातळ रस आला. मे महिन्याच्या अखेरीस सगळा जोर आठव्या भेगेवर एकवटला. कारंजे 80 मीटरांपर्यंत गेले, टेकडी रचली गेली, आणि सुमारे 13 किलोमीटर लांबीची लाव्हाची नदी समुद्राला मिळाली. वाटेत एका जुन्या विवरातले हिरव्या पाण्याचे तळे होते; 2 जूनला काही तासांत त्याची वाफ झाली. कापोहोचा उपसागर भरून तिथे जमीन झाली. ऑगस्टच्या आरंभी धार एकाएकी थांबली. तोवर सातशेहून अधिक इमारती गेल्या होत्या आणि साडेपस्तीस चौरस किलोमीटर भूमी झाकली गेली होती. या उद्रेकात एकही माणूस दगावला नाही, याचे मोठे श्रेय त्या चालत्या ठिपक्यांना आहे.

खाली हे चालले असताना शिखरावर दहा वर्षांचे तळे मेच्या पहिल्याच आठवड्यात बुडत गेले, 10 मेपर्यंत दिसेनासे झाले, आणि नंतर डोंगराचा माथाच खाली बसू लागला. खालचा आधार निघून गेल्याने कॅल्डेराचा तळ टप्प्याटप्प्याने कोसळत होता. जवळजवळ रोज एक कोसळणे, आणि प्रत्येक वेळी 5 हून जास्त क्षमतेच्या भूकंपाएवढा हादरा. अशी 62 कोसळणी मोजली गेली. हालेमाऊमाऊचा तळ पाचशे मीटरांहून खाली गेला. जॅगरच्या वारशाची वेधशाळा या हादऱ्यांनी इतकी खिळखिळी झाली की तिला विवराचा काठ कायमचा सोडावा लागला. माथ्यावर पडलेला खड्डा सुमारे 0.8 घन किलोमीटरांचा. पायथ्याशी पसरलेल्या लाव्हाचे मापही त्याच पट्टीतले. जमेचा आणि खर्चाचा हिशेब डोंगराने दोन टोकांना लिहून ठेवला होता.

त्या खोल खड्ड्यात जुलै 2019 मध्ये पाहणाऱ्यांना एक हिरवट डबके दिसले. विवर इतके खोल गेले होते की तळ भूजलाच्या पातळीखाली पोहोचला होता, आणि कड्यांतून पाणी झिरपू लागले होते. दोनशे वर्षांच्या लेखी नोंदींत हालेमाऊमाऊत पाण्याचे तळे कुणी पाहिले नव्हते. ते गरम होते, त्याचा रंग हिरवटापासून पिवळसर तपकिरीपर्यंत बदलत गेला, आणि डिसेंबर 2020 पर्यंत त्याची खोली सुमारे 50 मीटर झाली. 20 डिसेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विवराच्या भिंतीत भेगा उघडल्या आणि त्यांतून लाव्हाचे धबधबे पाण्यात पडू लागले. साधारण दीड तासात सगळे पाणी वाफ होऊन ढगात गेले आणि त्या जागी लाव्हा भरू लागला. पुढच्या मे महिन्यात तो थांबला तेव्हा तळ्याची खोली सुमारे 229 मीटर होती. त्यानंतर 2021, 2022 आणि 2023 मध्ये थांबत-थांबत तळ चढत राहिला. 23 डिसेंबर 2024 पासून तिथे पुन्हा उंच कारंज्यांची मालिका सुरू झाली. 2018 च्या तड्याने जे रिकामे केले, ते तळे थराथराने भरून काढते आहे.

लेइलानीतली आठवी भेग आता केवळ क्रमांकाने ओळखली जात नाही. तिच्या टेकडीला 2021 मध्ये आहुआइलाआऊ हे नाव मिळाले. आइलाआऊ हा पेलेच्याही आधीचा अग्निदेव, आणि त्याच्या नावाचा अर्थ झाडे खाणारा. हवाईच्या अनेक रहिवाशांनी 2018 मध्ये घर सोडताना दाराशी पेलेसाठी ‘ती’ नावाच्या झाडाची पाने ठेवली. जमीन तिची, ती परत मागते तेव्हा उंबरा झाडून द्यावा, अशी ती रीत. काळ्या खडकावर सर्वांत आधी जी झाडे उगवतात त्यांत लाल फुलांची ओहिआ लेहुआ असते. भेगेत साचलेली चिमूटभर धूळ आणि पावसाचे पाणी तिला पुरते. तडा पडल्याशिवाय तिलाही मूळ धरायला जागा मिळत नाही.

किलाउएआची ही सगळी घडामोड भूगर्भाच्या हिशेबात किरकोळ आहे. महाराष्ट्राच्या पायाखालचा काळा पाषाण असल्याच भेगांतून आला, पण त्याचे माप वेगळे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेली उष्ण जागा भारतीय भूपट्टाखाली होती. तिच्या रसाने भूकवच शेकडो किलोमीटर चिरले आणि लाव्हाचे थरावर थर पसरले. झीज होऊनही आज दक्खन ट्रॅपचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांत त्याचे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. ट्रॅप या शब्दाचे मूळही पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दात आहे. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी दिसते. ती उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण: पाऊस पडला, खडक कुजला, माती झाली, आणि मग पुढचा थर येऊन तिला भाजून गेला. वेरूळचे कैलास लेणे अशाच थरांतून कोरले आहे.

धुळे-नंदुरबारच्या मुलखात या कहाणीचा शेवटचा भाग उघड्यावर पडलेला आहे. तिथल्या माळांवरून काळ्या दगडाच्या अरुंद, सरळ डोंगररांगा किलोमीटरच्या किलोमीटर धावतात. कुणी गडाचा तट बांधायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला, असे वाटावे. रस वर येताना ज्या तड्यांत अडकून गोठला, त्या या भित्ती. आजूबाजूचा मऊ थर पावसाने धुऊन नेला. तड्यात भरलेला खडक अधिक कठीण म्हणून मागे राहिला. तिकडे हवाईत किलाउएआ इकीच्या तळाशी आज एक पायवाट आहे. 1959 मध्ये जिथे लाव्हाच्या लाटा हेलकावत होत्या, त्या सपाटीवरून माणसे डबा घेऊन चालतात, आणि पाऊस झाला की कडेच्या फटींतून अजून थोडी वाफ येते. तळ्याचे असे मैदान होते. तड्याची मात्र भिंत होते.